विश्लेषण: मांजर आजारी आहे हे एवढं उशिरा का कळतं? आणि कळल्यावर काय करायचं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे चंद्रपूर भागातून त्यांना पकडून इथे आणलं होतं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला अहवाल आला, एच५एन१. म्हणजे बर्ड फ्लू. त्यानंतर काही आठवड्यांतच नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांच्या नमुन्यांमध्येही हाच विषाणू सापडला. देशात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लूची नोंद होण्याची ही पहिलीच वेळ होती. तिथले चिकनचे बाजार काही काळासाठी बंद करावे लागले.

अशी बातमी आली की मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: आपल्या मनीला काही होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न मागे राहतो. तिला काही झालंच, तर आपल्याला ते वेळेत कळेल का?

बहुतेक घरांमध्ये प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आहे. यात माणसांचा निष्काळजीपणा थोडा आणि मांजराचा स्वभाव जास्त.

मांजर आजार लपवतं म्हणजे नेमकं काय करतं?

घरातलं मांजर आफ्रिकन रानमांजरापासून आलं. हा प्राणी उंदीर, पाखरं, सरडे मारून खातो, पण त्याच्यापेक्षा मोठे प्राणी त्यालाही मारून खातात. शिवाय तो बराचसा एकट्याने जगतो. कुत्र्यासारखा कळप नाही, त्यामुळे दुखतंय असं दाखवून मदत मिळण्याची शक्यता नाही. दाखवलं तर उलट शत्रूला कळणार. म्हणून दुखणं दाबून ठेवायचं, हालचाल कमी करायची आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी जाऊन बसायचं, ही सवय त्याच्यात मुरली आहे. दोन बीएचकेमध्ये, सोफ्यावर वाढलेल्या मांजरातही ती तशीच आहे.

त्यामुळे आजारी कुत्रं तुमच्याकडे येतं, आजारी मांजर तुमच्यापासून लांब जातं. ते कपाटावर, कॉटखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसतं. घरच्यांना वाटतं उकाडा आहे, थंड फरशी शोधतंय. कधी वाटतं रुसलंय. मांजराला 'नखरेल' म्हणायची आपली जुनी सवय इथे फार महागात पडते, कारण आजाराची पहिली लक्षणं आणि नखरे बाहेरून अगदी सारखेच दिसतात. जेवण हुंगून परत जाणं, हाक मारल्यावर न येणं, उचललं की फिस्कारणं, सगळं तेच.

गुरगुरण्यावरही विसंबून राहता येत नाही. मांडीवर बसून मांजर गुरगुरतं तेव्हा ते खूश असतं हे खरं, पण जखमी झालेलं, मरणपंथाला लागलेलं मांजरही गुरगुरतं. 'गुरगुरतंय म्हणजे बरं आहे' या समजुतीत दोन-दोन दिवस निघून जातात. नाक कोरडं आहे की ओलं यावरून ताप ओळखायची पद्धतही तितकीच कुचकामी. मांजराचं शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस. त्यामुळे हात लावून 'अंग गरम लागतंय' असं म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

मग पाहायचं काय?

लक्षणांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी: तुमच्या मांजराचा रोजचा दिवस. ते कुठे झोपतं, सकाळी किती वाजता ओरडून उठवतं, किती खातं, दिवसातून किती वेळा शू करतं, कुठल्या खिडकीत उडी मारून बसतं. मांजर हा सवयीचा प्राणी आहे. रोज फ्रिजवर चढणारं मांजर अचानक खुर्चीपर्यंतच जात असेल, तर त्याचं सांधे दुखत असण्याची शक्यता बरीच असते. स्वतःला चाटून चकचकीत ठेवणाऱ्या मांजराचे केस पाठीवर गुंतून, तेलकट होऊन बसले असतील तर त्याला बरं वाटत नाहीये. उलट एकाच जागी चाटून चाटून केस गेले असतील तर तिथे खाज आहे किंवा दुखतंय. पोटाच्या खालच्या भागात असं टक्कल पडलं तर कधीकधी मूळ दुखणं मूत्राशयाचं निघतं.

चेहऱ्यावरूनही काही कळतं. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचं नाव फेलाइन ग्रिमेस स्केल. पाच गोष्टी पाहायच्या: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. बरं असलेल्या मांजराचे कान पुढे असतात, डोळे उघडे, मिशा सैल आणि खाली वळलेल्या, डोकं खांद्यांच्या वर. दुखत असेल तर कान बाजूला फाकतात आणि चपटे होतात, डोळे बारीक होतात, तोंड ताणलं जातं, मिशा ताठ सरळ होतात, डोकं खांद्यांच्या खाली झुकतं. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनेवर उपचार लागतील असं समजायचं. मूळ पद्धत डॉक्टरांसाठी असली तरी घरी फोटो काढून पडताळता येते. फक्त मांजर झोपलेलं, खात असलेलं किंवा अंग चाटत असलेलं नको.

श्वास मोजणं याहूनही सोपं आहे आणि ते फार थोडे लोक करतात. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होण्याचा एक फेरा म्हणजे एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसपेक्षा कमी असायला हवेत. सलग दोन-तीनदा मोजून आकडा त्याच्या वर येत असेल तर डॉक्टरांना फोन करायला हवा. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं कुत्र्याला शोभतं. मांजर असं करत असेल तर त्याच मिनिटाला निघायचं.

वय झालेल्या मांजरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बदल इतका हळू होतो की रोज पाहणाऱ्याला तो दिसतच नाही, सहा महिन्यांनी आलेला पाहुणा म्हणतो, 'अरे, किती वाळलंय हे!' पाण्याचं भांडं लवकर रिकामं होणं, शूचं प्रमाण वाढणं आणि वजन उतरणं ही किडनीच्या जुनाट आजाराची नेहमीची चाल. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोपर्यंत किडनीची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या मांजराचं वजन महिन्यातून एकदा करावं. मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो कमी होणं.

कशाला थांबायचं आणि कशाला नाही?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

एखादी उलटी, त्यात केसांचा गोळा, आणि त्यानंतर मांजर नेहमीसारखं खातंय-खेळतंय, तर काळजीचं कारण नाही. एक दिवस पातळ शी झाली आणि बाकी सगळं ठीक आहे, तर पाहता येईल. पण मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. माणूस चार दिवस उपास करू शकतो, मांजराचं शरीर तसं चालत नाही. खाणं थांबलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृताला ती पेलत नाही. काही दिवसांतच यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागतं. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. गुटगुटीत मांजरांना याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणजे ज्यांच्याबद्दल 'दोन दिवस नाही खाल्लं तर बरंच, थोडं बारीक होईल' असं गमतीने म्हटलं जातं, नेमकी तीच. पिल्लांच्या बाबतीत तर चोवीस तासही फार होतात.

दुसरी गोष्ट बोक्यांची. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, मागचा भाग सारखा चाटतोय आणि शू मात्र थेंबभर किंवा अजिबात नाही. पाहणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालंय. कुणीतरी सांगतं एरंडेल द्या, कुणी सांगतं तूप द्या. प्रत्यक्षात बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो आणि खड्यांनी किंवा चिकट गाठोळीने तो बंद होतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. हे सगळं एक ते दोन दिवसांत होऊ शकतं. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हा त्रास होतो. फक्त कोरडं खाणं आणि कमी पाणी हे यामागचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. रात्री दोन वाजता बोका असं करत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, एवढं एक वाक्य जरी या लेखातून कुणाच्या लक्षात राहिलं तरी एखादा बोका वाचेल.

पिल्लांमध्ये ज्याची धास्ती घ्यावी असा आजार म्हणजे पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांमध्ये पार्व्हो होतो त्याच कुळातला हा विषाणू. काल उड्या मारणारं पिल्लू आज कोपऱ्यात मलूल, उलट्या, जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं पण पाणी पीत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. हा विषाणू घरात, कपड्यांवर, बुटांवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो, म्हणून घराबाहेर कधीच न गेलेल्या मांजरालाही तो होतो. म्हणजे तो तुम्हीच आणता. माणसाला त्यापासून धोका नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होणारी तीन आजारांवरची एकत्रित लस आणि तिचे पुढचे डोस हाच यावरचा खरा उपाय. 'आमचं घरातच असतं, लस कशाला?' हे वाक्य पॅनल्युकोपेनियापुढे टिकत नाही.

आणि संक्रांतीच्या दिवसांतली एक खास गोष्ट. मांज्याचा तुकडा, शिलाईचा दोरा, लोकर हे मांजराला खेळणं वाटतं आणि त्याच्या जिभेवरच्या काट्यांमुळे एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर येत नाही, आतच जातो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. आत आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा झालेलं असतं आणि ओढलं की ते कापलं जातं.

घरातल्या औषधांच्या डब्याचं काय?

तो बंदच ठेवायचा. मांजराच्या अनेक मृत्यूंमागे आजारापेक्षा आजारावरचा घरगुती उपाय असतो.

ताप दिसला की पॅरासिटामॉल ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. लहान मुलाला चालतं, मग मांजराला पाव गोळी काय होणार? पण मांजराच्या यकृतात हे औषध निष्प्रभ करण्याची यंत्रणा जवळपास नाहीच. औषधाचे विषारी घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाही. चुकून दिलंच असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना तसं सांगावं, कारण यावर उतारा आहे आणि तो लवकर दिला तर उपयोग होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचंही तेच, घरच्या डब्यातून मांजराला काहीही नाही.

कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर त्याला झटके येतात. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, ते फिनॉल त्याच्या शरीराला पचत नाही. डांबरगोळ्या, कांदा-लसूण घातलेला रस्सा, हेही नको. बुकेमधली लिली तर फारशी कुणाला माहीतच नसते. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत बंद पाडू शकतं. वाढदिवसाला आलेला बुके टेबलवर आणि तिसऱ्या दिवशी मांजर उलट्या करून मलूल, असं झालं तर दोन्हींचा संबंध जोडायचं कुणाला सुचतही नाही.

आजारी मांजराला दूध पाजणं हाही तसाच प्रकार. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब असतील तर ते वाढतात. आणि तेल, काढा किंवा पाणी जबरदस्तीने तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

बर्ड फ्लू झालेलं मांजर कसं ओळखायचं?

पुन्हा सुरुवातीच्या बातमीकडे. मांजरांना बर्ड फ्लू होतो हे आता जगात अनेक ठिकाणी दिसलं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये घरातली मांजरं मेली, त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये निवाऱ्यातल्या मांजरांमध्ये हा विषाणू सापडला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये आजारी गायींचं कच्चं दूध प्यायलेल्या गोठ्यातल्या साधारण २४ मांजरांपैकी निम्म्याहून जास्त दगावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ओरेगॉन राज्यात घराबाहेर न जाणारं एक मांजर मेलं आणि त्याच्या खाण्यातल्या कच्च्या टर्की मांसात विषाणू मिळाला. कंपनीला तो माल परत बोलवावा लागला.

या सगळ्यात समान धागा दिसतो तो कच्च्या खाण्याचा: कच्चं मांस, कच्चं दूध किंवा स्वतः मारलेला पक्षी. गोरेवाड्याच्या वाघांबाबतही संशय कच्च्या मांसावरच होता. आपल्याकडे चिकनच्या दुकानातून 'मांजरासाठी' म्हणून पाय, माना, आतड्यांचे तुकडे आणायची पद्धत गावागावांत आणि शहरांतही आहे. ते चांगलं शिजवून घातलं तर विषाणू मरतो. कच्चं घालणं आता तरी थांबवायला हवं, विशेषतः आसपास कावळे किंवा कोंबड्या मेल्याच्या बातम्या असतील तेव्हा. जानेवारी २०२५ मध्येच लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मेले आणि रायगडमधल्या उरणजवळच्या चिरनेरमध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला, म्हणजे ही गोष्ट विदर्भापुरतीही नाही.

लक्षणं सुरुवातीला अगदी साधी: खाणं सोडणं, सुस्ती, ताप, नाका-डोळ्यांतून पाणी. इतर दहा आजारांसारखीच. मग फार झपाट्याने श्वास लागतो, चालताना तोल जातो, मांजर गोल गोल फिरतं, काहींना दिसेनासं होतं, झटके येतात. म्हणजे पहिल्या दिवसाला 'नखरे' म्हटलं की हातात दुसरा दिवस फारसा उरत नाही.

अशा वेळी मांजराला हातमोजे आणि मास्क घालून हाताळावं, घरातल्या बाकीच्या प्राण्यांपासून वेगळं ठेवावं, आणि दवाखान्यात थेट न जाता आधी फोन करून लक्षणं सांगावीत. मांजरापासून माणसाला संसर्ग होण्याचा धोका कमी मानला जातो, शून्य नाही. तोल जाणं, लाळ गळणं, अचानक चावायला धावणं ही रेबीजचीही लक्षणं असू शकतात हे विसरून चालणार नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी लशीसाठी जायचं, मांजर घरचं असलं तरी.

ग्रुपवर विचारावं की नाही?

फोन हे आजारी मांजराच्या मालकाचं फार उपयोगी साधन आहे, पण बहुतेक जण ते उलट्या दिशेने वापरतात. आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा, वीस उत्तरं यायची, त्यातलं सगळ्यात सोपं निवडायचं, आणि यात संध्याकाळ जायची. याचं एक मोठं उदाहरण जगभर घडलं ते एफआयपी या आजाराच्या बाबतीत. मांजरांमधल्या कोरोना विषाणूत बदल होऊन होणारा हा आजार, बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आतल्या मांजरांना. न उतरणारा ताप, वजन घटणं आणि अनेकदा पाण्याने फुगलेलं पोट. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो झाला की मांजर गेलंच समजायचे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या अभ्यासात जीएस-४४१५२४ हे औषध दिलेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. पण औषधाला परवानगी नव्हती, त्यामुळे सोशल मीडियावरच्या ग्रुपमधून त्याचा काळा बाजार उभा राहिला. त्याने कित्येक मांजरं वाचली हे नाकारता येणार नाही, पण बाटलीत नेमकं काय आणि किती आहे याची हमी कुणाकडे नव्हती. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये एफआयपीची मोठी साथ आली तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी ठेवलेली कोविडची औषधं मांजरांसाठी खुली केली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून डॉक्टरांमार्फत कायदेशीर मार्गाने हे औषध मिळू लागलं.

तरीही फोटोवरून एफआयपी ठरवता येत नाही. पोट फुगणं जंतांनीही होतं, हृदयाच्या किंवा यकृताच्या आजारानेही होतं, आणि कधी कधी ती भाटी गाभण असते. पोटातलं पाणी तपासल्याशिवाय औषधाकडे जाण्यात अर्थ नाही.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. दवाखान्यात गेल्यावर मांजर भीतीने ताठ बसतं आणि घरी दिसलेलं एकही लक्षण दाखवत नाही. म्हणून घरीच व्हिडिओ काढा: श्वास कसा घेतंय, कसं चालतंय, लिटर बॉक्समध्ये कसं बसतंय, खोकतंय की ओकतंय. या शेवटच्या दोन गोष्टींत तर भलेभले गोंधळतात. उलटीचा आणि शीचा फोटो काढायला किळस वाटली तरी काढा. शेवटचं कधी खाल्लं, शेवटची शू कधी झाली, कुठली लस कधी झाली, घरात काही नवीन आलंय का, एवढं लिहून न्या. याने तपासणीची अर्धी वाट सोपी होते.

न्यायचं कसं हीसुद्धा खरी अडचण. ऐन वेळी माळ्यावरून कॅरियर काढला की मांजर तो पाहूनच कॉटखाली जातं. तो एरवीच उघडा ठेवून त्यात जुनी चादर घातली तर मांजर त्यात झोपायला लागतं. कॅरियर नसेल आणि घाई असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून मोठ्या उशीच्या अभ्र्यात, तोंड हातात धरून. रिक्षात मांडीवर मोकळं घेऊन जाऊ नका, हॉर्न वाजला की ते निसटतं आणि मग सापडत नाही.

मांजरं सरकारच्या नोंदीत आहेत का?

मुंबई-पुण्यात हा प्रश्न जाणवत नाही. परळला जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि प्राण्यांचं रुग्णालय आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालय सुरू झालं, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. तालुक्याच्या गावात मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि त्याची सगळी रचना गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती आहे. तिथे मांजर नेणाऱ्याकडे लोक हसून बघतात. तरीही न्यायला हवं. डॉक्टर तेच शिकलेले असतात आणि सलाइन, उलटीवरचं इंजेक्शन, तुंबलेली लघवी मोकळी करणं या गोष्टी तिथे विचारता येतात. आधी फोन करून डॉक्टर जागेवर आहेत का हे पाहावं, कारण ते अनेकदा गोठ्यांवर फिरतीला असतात.

रचनेतली ही उणीव आकड्यांतही दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. त्यात गाई-म्हशींपासून याक, उंट, गाढव, ससा, हत्तीपर्यंत सगळे आहेत. कुत्रा आहे. मांजर नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला तेव्हा त्याची थट्टाच जास्त झाली. पण किती मांजरं आहेत हेच माहीत नसेल तर त्यातली किती मेली आणि कशाने, हे कळणार कुठून? कोंबड्या मेल्या की पोल्ट्रीवाला तक्रार करतो, कारण त्याचं नुकसान होतं. गल्लीतली चार मांजरं आठवड्यात मेली तर लोक म्हणतात कुणीतरी विष घातलं असेल, आणि विषय संपतो.

२००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात बर्ड फ्लू आणि रेबीज हे दोन्ही अनुसूचित रोग आहेत, आणि अशा रोगाचा संशय आला तर प्राण्याच्या मालकाने प्रशासनाला कळवणं अपेक्षित आहे. छिंदवाड्यातल्या मांजरांचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत गेले, म्हणूनच ती नोंद झाली. आसपास पक्षी मरत असताना मांजर अचानक झटके येऊन गेलं, तर ते कचऱ्यात किंवा नाल्यात टाकू नये, उघड्या हाताने उचलूही नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करून नमुना घ्यायचा आहे का हे विचारावं, आणि ते येईपर्यंत बाकीच्या मांजरांना खोलीबाहेर ठेवावं.